कापलेले पैसे मागायला लाज कसली?

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांनी केली, तेव्हा त्यांना बँकेचं पासबुक ठाऊक नव्हतं. पण आज बँकेच्या दंडाला याहून चपखल शब्द सापडायचा नाही. बघा ना, ज्या महिन्यात घरात पैसा कमी, त्याच महिन्यात खात्यात पैसा कमी. आणि खात्यात पैसा कमी म्हणून बँक दंड कापणार. म्हणजे ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडूनच घ्यायचं, आणि ते का? तर त्याच्याकडे नाही म्हणून! किराणा दुकानदारानं कधी असं केलंय का, की 'तुमच्या पिशवीत पैसे कमी दिसतात, म्हणून आधी पन्नास रुपये द्या'?

हा विषय आपल्या घरात फारसा बोलला जात नाही. 'मिनिमम बॅलन्स'चे पैसे कापले गेले, की आपण दोन दिवस हळहळतो आणि गप्प बसतो. पण ऑगस्ट 2024 मध्ये हे दुखणं एकदम चव्हाट्यावर आलं. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये बायकांच्या खात्यावर जमा होऊ लागले. आपल्या नागपुरातही 31 ऑगस्टला रेशीमबागेच्या मैदानावर मोठा कार्यक्रम झाला. पण त्याच दिवसांत ठिकठिकाणच्या बायका सांगू लागल्या की पैसे आले, पण हाती पूर्ण पडले नाहीत. कुणाचे जुन्या दंडात गेले, कुणाचे थकलेल्या कर्जाच्या हप्त्यात वळते झाले. ओरड झाली, तेव्हा सरकारला बँकांना सांगावं लागलं की हा पैसा बायकांच्या सक्षमीकरणासाठी आहे, तो थकीत कर्जापोटी वळता करू नका आणि कर्जामुळे गोठवलेली खाती सुरू करा. महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनीही हे जाहीरपणे सांगितलं.

मला त्यात जे महत्त्वाचं वाटलं ते हे, की बायका बोलल्या. एकेकटी बोलली असती तर 'सिस्टीमनं कापलं' या दोन शब्दांत तिची बोळवण झाली असती. पुष्कळ जणी बोलल्या म्हणून वरपर्यंत पोचलं.

'सिस्टीमनं कापलं.' हे उत्तर मी स्वतः काउंटरवर ऐकलंय. आमच्या बचत गटातली एक बाई, घरोघरी पोळ्या लाटते. नवऱ्याचा अपघात झाला, चार महिने घरी एकाच्याच कमाईवर चूल पेटत होती. खात्यात टाकायला काही उरलंच नाही. पुढे मुलीच्या शाळेचे म्हणून भावानं दोन हजार पाठवले, तर हाती आले चौदाशेच्या आसपास. मला म्हणाली, "ताई, मी तर एक रुपया काढला नाही, मग माझे पैसे काहून कापले जी?" आम्ही दोघी बँकेत गेलो. बँकेचं नाव महत्त्वाचं नाही, कारण हे उत्तर कुठल्याही बँकेत मिळू शकतं. काउंटरवरचा मुलगा काही वाईट नव्हता. त्यानं संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मी नाही कापले, सिस्टीमनं कापले."

तर ही सिस्टीम नेमकं काय करते, ते आधी समजून घेऊ. पुष्कळ जणींना वाटतं की महिन्यातून एखादा दिवस खातं खाली गेलं की दंड लागतो. तसं नाही. बहुतेक बँका महिन्याची सरासरी काढतात. रोज संध्याकाळी खात्यात जे उरलं, त्याची महिनाभराची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचं. समजा, हजार रुपये सरासरीची अट आहे. एकीनं पोटाला चिमटा घेऊन महिनाभर रोज नऊशे रुपये खात्यात राखले. तिची सरासरी नऊशे, म्हणून तिला दंड. दुसरीनं एकच दिवस तीस हजार ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सगळे काढून घेतले. तीस दिवसांच्या महिन्यात तिची सरासरी बरोबर हजार, म्हणून तिला काही नाही! गणित चुकलेलं नाही. पण जिनं महिनाभर जपून पैसा ठेवला, तिलाच ते शिक्षा करतं. शिवाय दंडावर अठरा टक्के जीएसटी. दोनशेचा दंड म्हणजे दोनशे छत्तीस गेले. खात्यात काहीच नसलं तर तो दंड 'बाकी' म्हणून मांडून ठेवतात, आणि पैसे आले की आधी तो वसूल होतो. म्हणूनच भावाचे दोन हजार आल्या-आल्या त्याला कात्री लागली.

आणि एवढ्यावर थांबलं तर बरं. त्याच खात्यातून शिलाई मशीनचा किंवा फ्रिजचा हप्ता जात असेल, तर दंडामुळे शिल्लक कमी पडते आणि हप्ता परत जातो. मग हप्ता परत गेला म्हणून बँकेचा आकार, वरून ज्यानं कर्ज दिलं त्याचाही आकार. दीडशे रुपये कमी पडले म्हणून आठशे-हजाराचा खड्डा पडतो.

आता बँकेची बाजूही ऐकून घेऊ. बँक म्हणते, खातं चालवायला खर्च येतो. पासबुक छापायचं, एटीएम यंत्रात पैसे भरायचे, माणसं ठेवायची. खोटं नाही ते. सेवेचे पैसे घ्यायला माझा विरोध नाही. जादा चेकबुक घेतलं तर त्याचे पैसे द्यावेत. पण पोळ्यावाल्या बाईनं त्या चार महिन्यांत बँकेची कुठली सेवा घेतली? ती तर बँकेची पायरीही चढली नव्हती. हा सेवेचा मोबदला नाही, ही गरिबीवरची पट्टी आहे.

आणि हा आकडा लहान नाही. स्टेट बँकेनं एप्रिल 2017 पासून हा दंड पुन्हा सुरू केला. त्या वर्षी एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत तिनं यातून सुमारे 1,771 कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा तिचा नफा होता सुमारे 1,581 कोटी. एका तिमाहीच्या नफ्यापेक्षा जास्त पैसा, तोही ज्यांच्याकडे पैसा कमी त्यांच्याकडून! देशभर टीका झाली. बँकेनं आधी दंड कमी केला आणि मार्च 2020 मध्ये सगळ्या बचत खात्यांवरून तो काढूनच टाकला. त्यामुळे काही बँक बुडाली नाही. बाकीच्या सरकारी बँका मात्र घेतच राहिल्या. संसदेत जुलै 2024 मध्ये दिलेल्या माहितीनुसार 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांनी या दंडापोटी सुमारे 8,500 कोटी रुपये वसूल केले. पुढच्या वर्षी वारं फिरलं. जून 2025 मध्ये कॅनरा बँकेनं आणि जुलैमध्ये पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा यांनी साध्या बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. पण त्याच्या पुढच्याच महिन्यात एका मोठ्या खासगी बँकेनं, आयसीआयसीआय बँकेनं, शहरांतल्या नव्या खात्यांसाठी ही अट दहा हजारांवरून एकदम पन्नास हजारांवर नेली. ओरड झाली आणि चार-पाच दिवसांत ती पंधरा हजारांवर आली.

म्हणजे बघा, प्रत्येक वेळी कुणीतरी बोललं म्हणून बदल झाला. आपणहून कुणी दिलं नाही.

कापलेले पैसे परत मिळाल्याचंही उदाहरण आहे. आपल्या मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आशीष दास वर्षानुवर्षं बँकांच्या या आकारांचा हिशोब मांडत आले आहेत. त्यांनी दाखवून दिलं, की स्टेट बँक जनधन आणि तशाच साध्या खात्यांवर महिन्यातल्या चार व्यवहारांनंतर प्रत्येक व्यवहाराला 17 रुपये 70 पैसे कापत होती. कुणी मोबाइलवरून पन्नास रुपये पाठवले, तरी साडेसतरा गेलेच. एप्रिल 2017 ते डिसेंबर 2019 मध्ये असे किमान चौदा कोटी डिजिटल व्यवहार होते आणि त्यांतून 254 कोटींहून अधिक गोळा झाले. अखेर 30 ऑगस्ट 2020 ला प्रत्यक्ष कर मंडळानं बँकांना सांगितलं की रुपे कार्ड आणि यूपीआयच्या व्यवहारांवर 1 जानेवारी 2020 पासून घेतलेला आकार परत करा. मग पैसे परत आले. आले तेवढेच, ज्या तारखेपासून सांगितलं तेवढेच, पण आले. बँकेच्या तिजोरीत गेलेला रुपया परत येतच नाही, हा समज चुकीचा आहे, एवढं तर सिद्ध झालं.

मग आपण मागायचं कसं? इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, मैत्रिणींनो. मागणं दोन तऱ्हेचं असतं. एक हक्काचं, दुसरं विनंतीचं. दोन्हींची भाषा वेगळी आणि दोन्हींचं वजन वेगळं.

हक्काचं कधी? जेव्हा बँकेनं नियम मोडून कापलं असेल तेव्हा. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2014 मध्ये या दंडाचे नियम घालून दिले आणि ते 1 एप्रिल 2015 पासून लागू झाले. शिल्लक कमी पडली की बँकेनं एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं आधी कळवायचं आणि ती भरून काढायला निदान एक महिन्याची मुदत द्यायची. न कळवता परस्पर कापायचं नाही. दंड हा जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात हवा. पन्नास रुपये कमी पडलेल्या बाईला आणि पाच हजार कमी पडलेल्याला एकच मोजमाप नाही. आणि फक्त या दंडापायी खातं उणे, म्हणजे शून्याच्या खाली जाता कामा नये. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या, बंद पडल्यासारख्या खात्यावर हा दंड लावायचा नाही. आणि जनधन किंवा साधं 'झिरो बॅलन्स' खातं असेल, तर त्यावर हा दंड मुळातच नाही. यातलं एक जरी तुमच्या बाबतीत मोडलं असेल, तर 'कृपा करा' म्हणू नका. 'हे नियमाबाहेर कापलं आहे, परत जमा करा' असं म्हणा.

आणि विनंतीचं कधी? बँकेनं नियमानंच कापलं, पण घरात आजारपण, अपघात, नोकरी गेली, पीक बुडालं, तेव्हा. इथे बँकेवर बंधन नाही, पण आकार माफ करायचा अधिकार तिला आहे आणि शाखेतून तशी शिफारस होऊ शकते. मोठ्या ठेवी ठेवणाऱ्यांचे आकार एका फोनवर माफ होतात, हे आपण ऐकतोच की. मग अडचणीतल्या बाईनं लेखी विचारलं तर बिघडलं कुठे?

लेखी, बरं का. तोंडी सांगितलेलं बँकेत वाऱ्यावर जातं. अर्ज साधा असावा, रडगाणं नको. मराठीत लिहिला तरी चालतो; काउंटरवरच्या पाट्या आणि छापील फॉर्म स्थानिक भाषेतही ठेवायचे, असं रिझर्व्ह बँकेनंच बँकांना सांगितलेलं आहे. मजकूर असा काहीसा:

'मा. शाखा व्यवस्थापक यांस, माझ्या बचत खात्यातून अमुक-अमुक तारखांना किमान शिल्लक नसल्याबद्दल एकूण इतके रुपये कापले गेले. याची आगाऊ सूचना मला कोणत्या तारखेला व कशी दिली, ते कळवावे. सूचना दिली नसल्यास ही रक्कम नियमानुसार परत जमा करावी. सूचना दिली असल्यास, या काळात पतीच्या अपघातामुळे कुटुंबाचे उत्पन्न थांबले होते, हे लक्षात घेऊन आकार माफ करावा, ही विनंती. तसेच यापुढे माझे खाते किमान शिल्लक न लागणाऱ्या मूलभूत बचत खात्यात बदलून द्यावे. सोबत पासबुकाची प्रत व दवाखान्याची कागदपत्रे जोडली आहेत.'

झालं. एका पानात हक्कही आला, विनंतीही आली आणि पुढची सोयही झाली. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. कुणी 'मेल करा' म्हणालं, तर 'तेही करीन, पण हा घ्या' असं म्हणा.

आमच्या पोळ्यावाल्या बाईनं असाच अर्ज दिला. काउंटरवर 'होत नाही' म्हणणाऱ्या त्याच शाखेतून तीन आठवड्यांनी निरोप आला. चारपैकी दोन महिन्यांची सूचना बँकेला दाखवता आली नाही, ते पैसे परत जमा झाले. बाकीचे मिळाले नाहीत. पण खातं बदलून मिळालं. म्हणजे पुढच्या वेळी भावानं पाठवलेले दोन हजार, दोन हजारच राहतील. तिला रकमेपेक्षा त्या शिक्क्याच्या कागदाचं अप्रूप जास्त. तो तिनं रेशनकार्डासोबत ठेवलाय.

शाखेनं दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचं. त्यांचं नाव आणि पत्ता शाखेत लावलेला असतो, नसेल तर मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. नोव्हेंबर 2021 पासून देशभरासाठी एकच व्यवस्था झाली आहे, त्यामुळे आपली बँक कुठल्या कार्यालयाखाली येते हे शोधत बसावं लागत नाही. फी नाही, वकील नको. माहितीसाठी 14448 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मात्र तिथे तक्रार टिकते ती नियम मोडल्याची. फक्त अडचण सांगून तिथे काम होत नाही, म्हणून हक्क आणि विनंती यांतला फरक मी एवढा घोळवून सांगितला. आणि उशीर करू नका. मुदत टळली की खरी तक्रारही वाया जाते.

आपल्या नागपुरात संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची केवढी मोठी इमारत आहे. जुनी माणसं अजून त्याला रिझर्व्ह बँक चौकच म्हणतात. बर्डीला जाताना आपण तिच्यासमोरून शेकडो वेळा गेलो असू. पण ती इमारत पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठीही काही नियम करून बसली आहे, हे तिला कुणी सांगितलंच नाही. आणि याबद्दल मला बँकांना दोन शब्द सुनवायचे आहेत. खातं उघडताना तुम्ही बायकांना शोधत वस्तीत येता, अंगठा घेता, फोटो काढता. मग बिनअटीचं खातं असतं, हे तेव्हाच का सांगत नाही? दंडाची सूचना इंग्रजीतून का पाठवता? जिला तो मेसेज वाचता येत नाही, तिला सूचना पोचली असं कसं मानायचं? सूचना न देता कापलेला पैसा तुमच्या संगणकाला सापडत नाही, असं तर नाही. कापताना त्याला बरोबर कळतं, मग परत करताना अर्जाची वाट का? चूक बँकेची असेल तर पैसा आपोआप परत यायला हवा, बाईला शिक्का मारून घ्यायची पाळीच येऊ नये. सरकारी बँकांनी दंड बंद केला तसा तो सगळ्यांनीच केला पाहिजे, आणि तोवर सरकारी मदतीच्या पैशाला तरी कुणी हात लावता कामा नये.

आपल्या बाजूनं बोलायचं तर खरा अडथळा नियमांचा नाही, लाजेचा आहे. 'खात्यात पैसे नाहीत हे चारचौघांत कसं सांगायचं?' 'दोनशे रुपयांसाठी अर्ज लिहिला तर लोक काय म्हणतील?' भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी आपण दहा मिनिटं घासाघीस करतो, तेव्हा लाज वाटत नाही. मग काचेपलीकडच्या, टाय लावलेल्या माणसासमोर ती का वाटावी? पैसे कमी असणं हा गुन्हा नाही. तो गुन्हा असल्यासारखा दंड लावणाऱ्यानं लाजावं.

म्हणून या महिन्यात एवढं करा. पासबुक भरून आणा आणि उन्हात बसून एकेक ओळ वाचा. जिथे पैसे गेले पण कशाचे ते कळत नाही, तिथे पेन्सिलीनं खूण करा. गटाच्या बैठकीत सगळ्यांची पासबुकं एकदा एकत्र उघडा. गावात बँक सखी असेल तर तिला बोलवा. एकीच्या पासबुकात खूण सापडली की दुसरीलाही आपलं पासबुक दाखवायला धीर येतो. आणि मग जायचं ते एकटीनं नाही, चौघी-पाचजणींनी मिळून जायचं, प्रत्येकीच्या हातात आपापला अर्ज. पाच अर्जांवर शिक्के मारताना काउंटरवरचा मुलगा नक्की वर बघेल.